पहिली मॅरेथॉन : आरंभीचा संयम आणि अखेरचे दहा किलोमीटर

मुंबईत साधारणपणे दरवर्षी जानेवारी महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, उजाडण्यापूर्वीच, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात हजारो धावपटू एकत्र येतात. २००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीने देशभरातील हौशी धावपटूंना लांब पल्ल्याच्या धावण्याची गोडी लावली. पुण्यातील आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन तर त्याही आधीची, १९८३ सालापासूनची आहे. आज दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू, लडाख अशा अनेक ठिकाणी अशा शर्यती होतात आणि प्रत्येक शर्यतीत आयुष्यात प्रथमच ४२.१९५ किलोमीटर धावणाऱ्यांची संख्या मोठी असते.

आरंभरेषेवर हे सारे नवखे धावपटू सारखेच उत्साही दिसतात. बत्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे मात्र त्यांच्यात दोन तट पडलेले दिसतात. काही जण सावकाश का होईना, पण धावत असतात. काही जण पाय ओढत, कमरेवर हात ठेवून चालत असतात. या दोघांच्या ताकदीत फार मोठा फरक असतो असे नाही. बहुतेक वेळा फरक असतो तो पहिल्या तासातील गतीत आणि त्यापूर्वीच्या चार-पाच महिन्यांच्या सरावात. पहिल्या मॅरेथॉनची तयारी म्हणजे वेगाने धावण्यापेक्षा वेग आवरण्याची तयारी होय. हे असे का, आणि त्यासाठी नेमके काय करावे, याचा हा आढावा.

शरीरातील इंधनाचा हिशेब

धावताना शरीर प्रामुख्याने दोन प्रकारचे इंधन वापरते. एक ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत व यकृतात साठवलेली शर्करा आणि दुसरे चरबी. चरबीचा साठा सडपातळ माणसाकडेही भरपूर असतो, पण तिच्यातून ऊर्जा संथपणे मिळते. ग्लायकोजेनमधून ऊर्जा चटकन मिळते, परंतु त्याचा साठा मर्यादित असतो. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीच्या स्नायूंत सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम व यकृतात सुमारे १०० ग्रॅमपर्यंत ग्लायकोजेन असते. त्यातून ढोबळमानाने दोन हजार किलोकॅलरी ऊर्जा मिळू शकते.

आता खर्चाची बाजू पाहू. धावण्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे अडीच हजार किलोकॅलरी लागतात. शिल्लक दोन हजारांची आणि खर्च अडीच हजारांचा, अशी ही स्थिती आहे. उरलेली तूट चरबीने आणि वाटेत घेतलेल्या अन्नाने भरून काढावी लागते.

गतीचा प्रश्न येथेच येतो. वेग जितका अधिक, तितका ग्लायकोजेनचा वाटा अधिक आणि चरबीचा वाटा कमी. जो धावपटू आपल्या कुवतीपेक्षा वेगाने सुरुवात करतो, तो चटकन संपणारे इंधन आरंभीच उधळून टाकतो. तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास साठा संपत आला की पाय जड होतात, विचार मंदावतो, साधी बेरीजही जमेनाशी होते. धावपटूंच्या भाषेत या अवस्थेला ‘वॉल’, म्हणजे भिंत, असे म्हणतात. या अवस्थेस पोहोचल्यावर इच्छाशक्तीचा फारसा उपयोग होत नाही. ती टाळणे हाच तिच्यावरचा खरा उपाय आहे.

वीस आठवड्यांचे वेळापत्रक

पूर्ण मॅरेथॉनच्या सरावासाठी १६ ते २० आठवडे हा कालावधी योग्य मानला जातो. परंतु हा कालावधी शून्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी नाही. त्यापूर्वी किमान सहा महिने नियमित धावण्याची सवय असावी, दहा किलोमीटर न थांबता धावता यावे आणि आठवड्याला २५ किलोमीटर धावूनही शरीर कुरकुर करू नये. एखादी अर्धमॅरेथॉन पूर्ण केलेली असल्यास अधिक चांगले.

मुंबईची जानेवारीतील शर्यत डोळ्यांसमोर ठेवल्यास वीस आठवड्यांचा सराव सप्टेंबरच्या आरंभी सुरू करावा लागतो. महाराष्ट्रात हे दिवस पावसाचे आणि सणांचे असतात. गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी या काळात घरी पाहुणे येतात, जागरणे होतात, जेवणाच्या वेळा बदलतात. वेळापत्रक आखताना हे आधीच गृहीत धरणे शहाणपणाचे ठरते. सरावात दर तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करायचे असतेच. हे विश्रांतीचे आठवडे सणांच्या दिवसांशी जुळवून घेतल्यास सरावही बुडत नाही आणि घरच्यांची नाराजीही ओढवत नाही.

नोकरी-व्यवसाय सांभाळून धावणाऱ्यांसाठी आठवड्यातून चार दिवसांचा सराव पुरेसा आहे. त्यातील दोन दिवस ६ ते १० किलोमीटर सावकाश धावावे. एक दिवस मध्यम अंतर धावून त्यातील काही भाग मॅरेथॉनच्या नियोजित गतीने पूर्ण करावा. चौथा दिवस, बहुतेकांच्या बाबतीत रविवार, लांब पल्ल्याच्या धावेसाठी ठेवावा. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस बैठका, टाचा उचलणे, पोट व कंबर यांचे व्यायाम करावेत. किमान एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी.

रविवारच्या धावेचे अंतर क्रमाक्रमाने वाढवावे. पहिल्या पाच आठवड्यांत ते १२ किलोमीटरवरून १८ पर्यंत, पुढच्या पाच आठवड्यांत २४ पर्यंत आणि त्यानंतर २८ ते ३० किलोमीटरपर्यंत न्यावे. आठवड्याचे एकूण अंतर २५-३० किलोमीटरपासून सुरू होऊन सर्वाधिक सरावाच्या आठवड्यांत ५० ते ५५ किलोमीटरपर्यंत जाते. सर्वांत लांब धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी पूर्ण व्हावी.

सरावात पूर्ण ४२ किलोमीटर धावून पाहावे का, असा प्रश्न अनेकजण विचारतात. त्याचे उत्तर नाही असे आहे. तीन-साडेतीन तासांहून अधिक वेळ धावल्याने मिळणारा लाभ थोडा आणि होणारी झीज मोठी असते. ज्याची सरावाची गती दर किलोमीटरला साडेसात मिनिटे आहे, त्याचे साडेतीन तासांत २८ किलोमीटर होतात. त्याच्यासाठी तेवढे अंतर पुरेसे आहे. उरलेले अंतर शर्यतीच्या दिवशी कापता येते, कारण त्या दिवशी शरीर विश्रांती घेऊन आलेले असते.

अखेरच्या तीन आठवड्यांत सराव टप्प्याटप्प्याने कमी करावा. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या तीन चतुर्थांश, दुसऱ्यात सुमारे निम्मा आणि शर्यतीच्या आठवड्यात दोन-तीन छोट्या धावा एवढाच. या काळात अनेकांना अस्वस्थ वाटते. सराव कमी पडला अशी शंका येते आणि काहीजण एखादी लांब धाव पुन्हा करून पाहतात. ही चूक टाळावी. शेवटच्या पंधरवड्यातील जादा सरावाने ताकद वाढत नाही, थकवा मात्र वाढतो.

आजारपण, प्रवास किंवा कामामुळे काही दिवस सराव चुकणे स्वाभाविक आहे. चुकलेले अंतर पुढच्या आठवड्यात दुपटीने भरून काढू नये. तापातून उठल्यावर तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय धावणे सुरूच करू नये.

सावकाश धावणे हाही सरावच

नवख्या धावपटूंची सर्वांत सामान्य चूक म्हणजे प्रत्येक दिवशी जोराने धावणे. धाप लागली नाही तर व्यायाम झाला नाही, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात लांब अंतरासाठी लागणारे शरीरातील बहुतेक बदल, म्हणजे स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची वाढ, चरबीतून ऊर्जा मिळवण्याची क्षमता, कंडरा व हाडांची बळकटी हे सावकाश धावण्यातूनच घडून येतात. त्यांना वेळ लागतो. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात, परंतु हाडे आणि कंडरा यांना काही महिने लागतात. दम टिकतो म्हणून वेग व अंतर वाढवत नेलेल्या धावपटूच्या नडगीत वा टाचेत वेदना सुरू होतात, त्यामागे हेच कारण असते.

सावकाश म्हणजे किती, याची कसोटी सोपी आहे. सोबत धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. एकट्याने धावताना एखादा श्लोक वा अभंगाचे चरण मधे न अडखळता म्हणता आले पाहिजेत. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर गती जास्त आहे असे समजावे. आठवड्यातील एकूण अंतरापैकी सुमारे चार पंचमांश अंतर या सुखद गतीने धावावे.

दुखणे कोणते सोसावे आणि कोणते सोसू नये, हेही ओळखता यायला हवे. दोन्ही पायांत सारखे असलेले, एक-दोन दिवसांत ओसरणारे अवघडलेपण हे सरावाचे लक्षण आहे. एकाच पायात, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारी, धावताना वाढत जाणारी किंवा चाल बदलायला लावणारी वेदना हा थांबण्याचा इशारा आहे. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन धावणे म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीने बरी होणारी इजा काही महिन्यांवर नेणे होय.

आपली गती कोणती?

शर्यतीची गती इच्छेवरून नव्हे, तर पुराव्यावरून ठरवावी. अमेरिकी अभियंता पीटर रीगल यांनी १९७७ साली मांडलेले एक सूत्र यासाठी आजही वापरले जाते. त्याचा सारांश असा की, अंतर दुप्पट झाले की लागणारा वेळ दुपटीपेक्षा थोडा अधिक, म्हणजे सुमारे २.०८५ पट होतो. अर्धमॅरेथॉन २ तास १५ मिनिटांत पूर्ण करणाऱ्या धावपटूला या सूत्रानुसार पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे ४ तास ४१ मिनिटे लागतील.

तथापि, आठवड्याला ५०-५५ किलोमीटरच धावणाऱ्या नवख्या धावपटूंच्या बाबतीत हे सूत्र बहुधा आशावादी ठरते. त्यात १५-२० मिनिटांची भर घालणे हिताचे असते. म्हणजे वरील धावपटूने पाच तासांचे लक्ष्य ठेवावे. निरनिराळ्या लक्ष्यांसाठी दर किलोमीटरची सरासरी गती पुढीलप्रमाणे येते.

४ तास : ५ मिनिटे ४१ सेकंद
४ तास ३० मिनिटे : ६ मिनिटे २४ सेकंद
५ तास : ७ मिनिटे ७ सेकंद
५ तास ३० मिनिटे : ७ मिनिटे ४९ सेकंद
६ तास : ८ मिनिटे ३२ सेकंद

याशिवाय आणखी दोन लक्ष्ये मनात असावीत. दिवस उष्ण निघाला किंवा पोट बिघडले तर कोणत्या वेळेवर समाधान मानायचे, हे एक. आणि काहीही झाले तरी सुखरूप घरी परतायचे, हे दुसरे. पहिल्या शर्यतीत ही तिन्ही लक्ष्ये सारखीच सन्मानाची आहेत.

शर्यतीच्या दिवशी

पाच तासांच्या लक्ष्याचेच उदाहरण घेऊ. पहिले पाच किलोमीटर दर किलोमीटरला ७ मिनिटे २० सेकंद या गतीने धावावेत. त्यात सरासरीपेक्षा केवळ ६५ सेकंद अधिक लागतात. त्यानंतर ७ मिनिटे ५ सेकंदांची गती शेवटपर्यंत राखली, तर शर्यत जवळजवळ नेमक्या पाच तासांत पूर्ण होते. म्हणजे आरंभीच्या संयमाची किंमत जेमतेम एक मिनिट आहे आणि तेही पुढे भरून निघते.

आता उलट बाजू पाहू. हाच धावपटू गर्दीच्या उत्साहात पहिले १५ किलोमीटर साडेसहा मिनिटांच्या गतीने धावला, तर त्याला सुमारे सव्वानऊ मिनिटांची आघाडी मिळते. त्या क्षणी ती कमाईच वाटते. परंतु त्यापायी अखेरचे दहा किलोमीटर चालावे लागले आणि दर किलोमीटरला साडेदहा-अकरा मिनिटे लागली, तर ३४ ते ३९ मिनिटे हातची जातात. आधी कमावून ठेवू आणि नंतर पुरवून वापरू, हा व्यवहार मॅरेथॉनमध्ये आतबट्ट्याचा ठरतो.

अव्वल धावपटूंचे उदाहरणही हेच सांगते. केनियाचे केल्विन किप्टम यांनी ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागो येथे २ तास ३५ सेकंदांचा तत्कालीन विश्वविक्रम नोंदवला. त्यांनी पहिला अर्धा भाग ६० मिनिटे ४८ सेकंदांत आणि दुसरा अर्धा भाग ५९ मिनिटे ४७ सेकंदांत पूर्ण केला होता. हौशी धावपटूने दुसरा अर्धा भाग अधिक वेगाने धावावाच असे नाही. दोन्ही भाग जवळपास सारख्या वेळेत पूर्ण झाले तरी पहिल्या शर्यतीसाठी ती उत्तम कामगिरी आहे.

गती आवरण्यासाठी काही व्यावहारिक उपाय आहेत. आरंभरेषेवर आपल्या अपेक्षित वेळेनुसार नेमून दिलेल्या गटातच उभे राहावे. अनेक मोठ्या शर्यतींत ठरावीक वेळेचा झेंडा घेऊन धावणारे ‘पेसर’ असतात. त्यांच्यापैकी आपल्या वेळेच्या पेसरसोबत राहावे. मनगटावरील उपग्रहाधारित घड्याळावर पूर्ण विसंबू नये. शर्यतीचा मार्ग वळणांच्या आतील, सर्वांत जवळच्या रेषेवरून मोजलेला असतो. गर्दीतून वाट काढणारा धावपटू त्याहून अधिक अंतर धावतो, शिवाय उंच इमारतींमध्ये घड्याळ चुकते. म्हणून रस्त्यावरील किलोमीटरच्या फलकांशी आपली वेळ ताडून पाहावी. दर पाच किलोमीटरच्या नियोजित वेळा कागदाच्या पट्टीवर लिहून मनगटाला बांधण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी पडते.

चढावर गती नव्हे, तर श्रम समान ठेवावेत. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये हाजीअलीकडून पेडर रोडवर येणारा परतीचा चढ अनेक वर्षे धावपटूंच्या चर्चेचा विषय राहिला आहे. अंतर म्हणाल तर तो लहानच आहे, पण तो यायचा साधारण पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास. मार्गात वेळोवेळी बदल होतात, त्यामुळे आपण ज्या वर्षी धावणार त्या वर्षीचा नकाशा पाहून चढ आणि पाण्याची केंद्रे कोठे आहेत हे आधीच ध्यानात घ्यावे. चढावर गती मंदावली तरी चिंता करू नये.

मधूनमधून चालणे म्हणजे हार, असेही समजू नये. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी आरंभापासूनच ठरवून धावण्या-चालण्याची पद्धत लोकप्रिय केली. नऊ मिनिटे ६ मिनिटे ५० सेकंदांच्या गतीने धावून एक मिनिट सावकाश चालल्यास एकूण सरासरी ७ मिनिटे ६ सेकंद येते, म्हणजे पाच तासांचे लक्ष्य गाठता येते. मात्र हे चालणे पहिल्या दहा मिनिटांपासूनच असावे. थकल्यावर चालणे ही पद्धत नव्हे, ती अपरिहार्यता आहे. अर्थात, या पद्धतीचाही सरावात अनुभव घेतलेला असावा.

अन्न आणि पाणी

दीड तासापेक्षा अधिक काळ धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेण्याचा सल्ला क्रीडा-आहारतज्ज्ञ देतात. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. खजूर, गुळाची चिक्की, ग्लुकोजयुक्त पेय किंवा बाजारात मिळणारे जेल यांपैकी जे मानवेल ते घ्यावे. भूक लागण्याची वाट न पाहता पाऊण तासानंतर थोडे-थोडे घेत राहावे. शर्यतीच्या दिवशी कोणताही नवा पदार्थ, नवे बूट किंवा नवे कपडे वापरू नयेत. प्रत्येक गोष्ट लांब धावांमध्ये पारखून घेतलेली असावी.

शर्यतीआधीच्या दोन-तीन दिवसांत भात, पोळी, बटाटा यांचे प्रमाण थोडे वाढवावे आणि तेलकट, मसालेदार व चोथा अधिक असलेले पदार्थ कमी करावेत. मुंबईची शर्यत संक्रांतीनंतर आठवडाभरात येते. तिळगुळाचे एक-दोन लाडू खाण्यास हरकत नाही, परंतु आदल्या रात्री जड जेवण टाळावे. सकाळी शर्यतीपूर्वी दोन तास तरी हलका, सवयीचा अल्पोपाहार घ्यावा.

पाण्याबाबत दोन टोके आहेत आणि दोन्ही घातक आहेत. पाणी कमी पडल्यास शरीराचे तापमान वाढते व दमणूक लवकर होते. उलट, गरजेपेक्षा फार अधिक पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्तचाचण्यांवर आधारित अभ्यास २००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम कमी झाल्याचे आढळले. चार तासांहून अधिक वेळ घेणारे आणि धावताना वजन घटण्याऐवजी वाढलेले धावपटू यांना हा धोका अधिक होता. म्हणजेच सावकाश धावणारा नवखा धावपटू, जो प्रत्येक केंद्रावर थांबून पेलाभर पाणी पितो, तो सुरक्षित आहे असे नव्हे.

यावर उपाय म्हणजे तहानेनुसार घोट-घोट पिणे आणि निव्वळ पाण्याबरोबर क्षारयुक्त पेय किंवा मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत घेणे. लांब धावेच्या आधी व नंतर वजन करून पाहिल्यास आपल्याला किती घाम येतो याचा अंदाज येतो. धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले, तर आपण गरजेपेक्षा अधिक पीत आहोत हे नक्की. शर्यतीच्या दिवशी वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्यांपैकी अनेक गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण पडतो.

हवामानाचा विचार

मॅरेथॉनसाठी सर्वांत अनुकूल तापमान दहा अंश सेल्सिअसच्या आसपास मानले जाते. भारतातील फार थोड्या शर्यतींत ते लाभते. मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. पहाटे पाचला धावू लागलेल्या पाच तासांच्या धावपटूला पहिले दोन तास अंधार व गारवा मिळतो, परंतु पुढील जवळपास तीन तास उन्हात काढावे लागतात. पहाटेच्या गारव्यातील वेग फसवा असतो, तो यामुळेच. ऊन वाढेल तशी गती कमी करण्याची तयारी आधीपासूनच मनात असावी.

इतर ठिकाणी प्रश्न वेगळे आहेत. चेन्नईत दमटपणामुळे घाम वाळत नाही व शरीर थंड होत नाही. दिल्ली व उत्तर भारतातील अनेक शहरांत ऑक्टोबर ते जानेवारी या सरावाच्या महिन्यांत हवेचे प्रदूषण वाढते. हवेचा निर्देशांक खराब असलेल्या दिवशी लांब धाव पुढे ढकलणे किंवा घरात यंत्रावर धावणे योग्य ठरते. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेह येथे धावायचे असल्यास काही दिवस आधी जाऊन विरळ हवेशी जुळवून घ्यावे लागते आणि लक्ष्य वेळही वाढवावी लागते.

थांबण्याचा निर्णय

धावणे हृदयासाठी हितकारक आहे, परंतु हृदयविकार दडलेला असल्यास मॅरेथॉनचा ताण धोकादायक ठरू शकतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात अर्धमॅरेथॉन व मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात शर्यतीशी संबंधित हृदयक्रिया बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या. म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांमागे एक असे हे प्रमाण होते. पूर्ण मॅरेथॉनमध्ये ते अर्धमॅरेथॉनच्या जवळपास चौपट होते. धोका अल्प आहे, पण शून्य नाही. मुंबईच्या शर्यतीतही २०२० व २०२४ साली धावताना कोसळलेल्या सहभागींचा मृत्यू झाला होता.

वयाची पस्तिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी आणि कुटुंबात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात नव्हे. धावताना छातीत दुखणे वा दडपण, जबड्यात वा डाव्या हातात वेदना, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चक्कर, उन्हातही अंगावर काटा येणे, बोलताना गोंधळणे यांपैकी कोणतेही लक्षण जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. शेजारी धावणारा अडखळत असेल, भलतेच बोलत असेल, तर त्याच्यासाठी थांबणे हे आपल्या पदकापेक्षा महत्त्वाचे आहे.

घरच्या कोणाला तरी आपला धावपटू क्रमांक, अपेक्षित वेळ आणि भेटण्याची जागा सांगून ठेवावी. क्रमांकाच्या कागदामागे रक्तगट, औषधे आणि संपर्काचा तपशील लिहिण्यासाठी जागा असते. ती कोरी सोडू नये.

मॅरेथॉनचे हे अंतर प्रथम १९०८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये धावले गेले. तेव्हापासून बूट बदलले, घड्याळे बदलली, आहाराचे शास्त्र बदलले. भारतात शिवनाथ सिंह यांनी १९७८ साली जालंधर येथे २ तास १२ मिनिटांची नोंदवलेली वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिली. एवढ्या काळात या अंतराचा स्वभाव मात्र बदललेला नाही. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये आपण फारच सावकाश धावत आहोत आणि सारेजण पुढे चालले आहेत, असे वाटू लागले तर घाबरण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी बरेचजण बत्तिसाव्या किलोमीटरनंतर पुन्हा भेटतील. त्या वेळी आपल्या पायांत धावण्याचे बळ शिल्लक असावे, एवढ्यासाठीच हा सारा संयम.